स्वयंपाकघरातला टीव्ही आणि आईंनी अडवलेली भिंत

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी मेडिकल दुकान चालवते. गोळी घेतली की ताप उतरतो, एवढंच मला कळतं. तरी लिहितेय, कारण हे ऐकीव नाही... माझ्यासमोर, भर दुपारी घडलंय.

आम्ही मोताळा तालुक्यात धामणगाव बढे इथे राहतो. सासूबाईंना – मी त्यांना आईच म्हणते – काचबिंदूमुळे सहा वर्षांपासून अजिबात दिसत नाही. पण स्वयंपाकघर अजून त्यांचंच. भाकर कुठे जाड राहिली ते बोटांना कळतं, तवा तापला का ते वर तळहात धरून सांगतात. डोळे असून भाकर करपते ती माझी!

दिवसभर घरी एकट्याच, म्हणून सोबतीला ओट्याजवळ छोटा टीव्ही घ्यायचं ठरलं. बुलढाण्याच्या दुकानात ह्यांची नजर मोठ्या स्क्रीनवर. आईंनी मात्र एकेक टीव्ही लावायला सांगून नुसता ऐकला आणि सगळ्यात लहान निवडला. त्याचं चित्र जरा साधं आहे, असं दुकानदाराने सांगून पाहिलं.

"चित्र तुमी पाहा," आई म्हणाल्या. "मले माणसाचा आवाज माणसासारखा पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी सादिकभाई स्टँड बसवायला आले. गावातले जुने वायरमन, हात एकदम साफ. खिडकीशेजारची भिंत आम्हीच ठरवली होती. नेमकी तेव्हा लाइन गेलेली, पण त्यांच्याकडे बॅटरीवरचं ड्रिल होतं. पेन्सिलीने खुणा झाल्या. तेवढ्यात पीठ मळत बसलेल्या आई उठल्या, चाचपडत आल्या आणि भिंतीवर तळहात टेकवला.

"सादिकभाऊ, इथं छिद्र पाडू नका. इथं जितं हाय काहीतरी."

ते हसले. मी थोडी वैतागलेच, जेवणानंतर दुकान परत उघडायचं होतं. आईंना समजावलं, पण त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या... हलायलाच तयार नाहीत. शेवटी त्यांच्या वयाचा मान ठेवून सादिकभाईंनी समोरच्या भिंतीवर स्टँड बसवायला घेतला. पहिलाच स्क्रू आवळत होते तर लाइन आली.

काम संपल्यावर मात्र त्यांना राहवेना. घराचा मेन स्विच बंद करून त्यांनी आईंनी अडवलेल्या जागी प्लास्टर हलक्या हाताने खरवडलं. बोटभर आत एक जुनी वायर निघाली, वरचं रबर पार गळून गेलेलं. टेस्टर लावला... पेटला. मेन बंद असताना! ती वायर घराच्या मीटरवरची नव्हतीच, थेट बाहेरच्या खांबावरून आलेली होती.

सादिकभाई ओट्याला टेकून खालीच बसले. पाणी मागितलं. मग हळूच म्हणाले, "माय, लाइन आली तवा माहा हात लोखंडी स्टँडवर होता. तो स्टँड या भिंतीवर असता तं..."

आईंनी त्यांच्या खांद्यावर पिठाचा हात ठेवला आणि चहा टाकायला वळल्या. त्यांचा तो शांतपणा मी आजवर दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

ज्यांच्याकडून आम्ही घर घेतलं त्यांना फोन केला. त्यांनाही वायरचा पत्ता नव्हता. आई या घरात आल्या त्याच दृष्टी गेल्यावर. आंधळ्या माणसाला बारीक आवाज कळतात म्हणावं, तर तेव्हा लाइनच नव्हती, वायर मुकी होती. सगळ्या बाजूंनी विचार करून झाला.

आईंना विचारलं. "मले काय मालूम?" म्हणाल्या. "हात ठेवला अन् नको वाटलं."

ती वायर दुसऱ्याच दिवशी खांबावरून तोडून घेतली. आईंना ते कसं कळलं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. एवढंच झालंय, की आई एखाद्या गोष्टीला नको म्हणाल्या की आता मी काऊन म्हणून विचारत नाही.