करीम डॉक्टरांची फी

माझे गुडघे धरलेत, चहा गार झालाय, तरी तुमाला करीम डॉक्टरांचंच ऐकायचंय. त्यांच्या गोष्टींची आडतीतल्या पोत्यांवानी थप्पी लागलीय. एक ओढलं की चार अंगावर येत्यात. ऐका मग, मधी बोलू नका.

निजामाच्या राज्यात कळंबला डॉक्टर म्हणावा असा एवढाच माणूस. हैदराबादेकडून आलेला. मी त्यांचा टांगा हाकायचो.

माणूस कशावर आला ते बघून फी. पायी आला तर फुकट, बैलगाडीला दोन आणे, घोड्याला रुपया. मग काय, लोक ओढ्यापल्याड गाड्या सोडून चालत यायला लागले. म्या चुगली केली. डॉक्टर म्हणले, "येऊ दे. निम्मं दुखणं चालण्यानंच जातंय."

जेवायला बसले की दारात कण्हणं सुरू. एकदा एकाची नाडी धरली अन् ताटातली भाकर त्याच्याच हातात दिली. "हे घे औषध. उद्या परत ये."

तहसीलदाराला शिंका आल्या. शिपाई आला, आत्ताच्या आत्ता चला. आत बाई अडलेली. डॉक्टर म्हणले, "साहेबाला सांग, आधी हे लेकरू येऊ दे." डॉक्टरांच्या बदलीचा हुकूम निघाला. पण कळंबला यायला दुसरा डॉक्टरच तयार न्हाय! हुकूम गुमान परत गेला.

मलप्पाशेट आडतवाला तर बोट चिरलं तरी घरी बोलवायचा. डॉक्टरांनी कायदाच केला: जो घरी बोलवील, त्यानं दवाखान्यात खोळंबलेल्यांची दिवसाची मजुरी भरायची.

शेटचं पोट दुखलं. आमी जाऊन आलो. उतार पडल्यावर त्याच दुपारी शेट दवाखान्यात हिशेबाला आला, खोळंबलेल्यांनी भरलेलं अंगण बघून माझ्यावरच घसरला. "ह्यो टांगेवाला चोर हाय. बाजारातली माणसं आणून बसवलीत."

चारचौघांत चोर म्हणला. डॉक्टरांनी खरं मानलं असतं तर माझा टांगा त्याच दिवशी सुटला असता, घरी चूल पेटली नसती.

डॉक्टर शांतपणे म्हणले, "शेट, खोटा रोगी कोणता, तेवढा दाखवा."

शेटनं भिंतीकडं तोंड करून बसलेल्या म्हातारीकडं बोट केलं. "ही. हिला काय धाड भरलीय?"

म्हातारीनं डोक्यावरचा पदर मागं सारला. शेटची आई, गौराव्वा. तापानं फणफणलेली, पायी आलेली.

तिनं हात पुढं केला. "माजी मजुरी आधी दे रं."

शेटनं सगळ्यांची भरली. मला चोर म्हणल्याची माफी तेवढी ऱ्हायलीय. अजून जिता हाय, रोज ह्याच वाटेनं मान वळवून जातोय मलप्पाशेट.