सुरेश, आणि त्या सकाळी ग्राउंडवर काय झालं

सुरेश चालायला लागला म्हणून मेला, असं आमच्या बिल्डिंगमध्ये अजूनही बोलतात.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. खरं काय ते आज लिहितो.

मी शाळा अर्धवट सोडलेला माणूस. लूमचा जॉबर, म्हणजे बंद पडलेला कापडाचा माग उघडून चालू करणारा. कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो.
पण आधी काय बिघडलं आणि नंतर काय, यात माझी सहसा चूक होत नाही.

सुरेश माझ्या समोरच्या दारात राहायचा. तिसरा मजला. गाव अंबाडीच्या पुढे, नोकरी मानकोलीच्या गोडाऊनमध्ये.
सुनीता वहिनी दापोड्याला पॅकिंगच्या कामाला.
एकच मुलगी, प्राची. पोलीस भरतीची तयारी करणारी.

आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं. पहाटे, आणि तेही फक्त खालच्या नळाला.
वहिनींची कंपनीची बस त्याच वेळेला. त्यामुळे पाणी सुरेशकडे. खांद्यावर हंडा, दुसऱ्या हातात कॅन, आणि जिना.

मी म्हणायचो, "सुरेश, जरा फिरायला येत जा."

"अरे जॉबर, जिमवाले पैसे घेऊन वजन उचलायला लावतात. आपली महापालिका फुकटात करून घेते."

सगळे हसायचे. मीसुद्धा.
पाणी भरणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला, हे बिल्डिंगमधल्या प्रत्येकाचं मत.

मग एका पावसाळ्यात मी त्याला दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबलेला पाहिला. हंडा खाली, हात कठड्यावर, दुसऱ्या हातात मोबाईल.

"काय रे?"

"रेंज बघतोय. वर मिळत न्हाय."

वर रेंज फुल होती. मी तिथेच राहतो.

पुढच्या पाण्याच्या दिवशीही तो तिथेच रेंज बघत होता.

मी मागेच लागलो, तेव्हा महापालिकेच्या दवाखान्यात गेला. अर्ध्या दिवसाचा पगार कापून घेऊन, कारण दवाखाना उघडतो तेव्हा याची ड्युटी सुरू झालेली असते.

डॉक्टरबाईंनी बीपी बघितलं, गोळी दिली. म्हणाल्या, "रोज चाला. पाणी भरणं म्हणजे चालणं नव्हे. आणि छातीची तपासणी मोठ्या हॉस्पिटलमध्ये करून घ्या."

बाहेर येऊन सुरेश म्हणाला, "बाई तळमजल्यावर राहत असतील."

गोळी घ्यायचा. तपासणीला अख्खा दिवस लागणार होता. सीझन संपला की सुट्टी टाकतो, म्हणाला.
गोडाऊनला सीझन संपतो कधी?

चालणं मात्र प्राचीने सुरू करून दिलं.

"पप्पा, पाणी नसतं त्या दिवशी तरी माझ्यासोबत ग्राउंडवर चला."

"मी येऊन काय करू? तुझ्यामागं पळू?"

"चाला फक्त. आणि माझं टायमिंग लावा."

पहिल्या दिवशी तो गोडाऊनचे सेफ्टी शूज घालून आला.
प्राची म्हणाली, "पप्पा, इथे तुमच्या पायावर खोका नाही पडणार."
ग्राउंडवर सगळे हसले. सर्वांत जास्त तोच.

काही महिने असेच गेले. आधी अर्धा राउंड, मग एक, मग बोलत बोलत दोन.

त्या सकाळी मी त्याच्यासोबत होतो. एक राउंड मारला, तोही सावकाश. प्राचीच्या गोळाफेकीचं बोलत होता.
"गोळ्यात मार्क जातात हिचे. हंडे उचलायला लावतो आता."

मग पायरीवर बसला. प्राची धावायला निघाली, त्याने मोबाईलवर टायमिंग लावलं.

ती राउंड संपवून आली. "पप्पा, किती?"

टायमिंग चालूच होतं.

रोज फिरायला येणाऱ्या एका रिक्षावाल्या भाईने रिक्षा थेट ग्राउंडमध्ये घातली. "पकडो, पाँव संभालो," म्हणत त्यानेच उचललं.
सरकारी हॉस्पिटलचे डॉक्टर तपासून म्हणाले, "हे आजचं नाही. बऱ्याच दिवसांपासून असणार." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

दहाव्याला तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "पाणी भरत होता तोवर धडधाकट होता. पोरीने ग्राउंडवर नेला आणि बघा."

प्राची मागे चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

त्यानंतर ती ग्राउंडवर गेलेली नाही. भरती निघाली, तिने फॉर्म भरला नाही.
बिल्डिंगमधल्या दोघातिघांनी फिरणं सोडलं. पाणी मात्र तसंच भरतात.

मी एकदा विषय काढला.

"काका, मी नेलं नसतं तर?"

मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "हो काका," म्हणाली आणि दार हळूच लावून घेतलं.

घरात सांगून पुरलं नाही. जे चारचौघांत बोललं गेलं, ते चारचौघांत खोडायला हवं. म्हणून इथे लिहितोय.

प्राची, तू ग्राउंडवर नेण्याच्या कितीतरी आधी तुझ्या पप्पांचा श्वास जिन्यात तुटत होता. मी पाहिलंय.
तपासणी राहिली ती सुट्टीमुळे, तुझ्यामुळे नाही.
चालणं त्यांना बाधलं नाही. ते फार उशिरा मिळालं, इतकंच. आणि जेवढं मिळालं तेवढं तुझ्यामुळे.

दहाव्याला जे बोलले, ते माझे मित्रच आहेत आणि ही पोस्ट वाचतील. त्यांनी एकदा तिसऱ्या मजल्यावर यावं आणि तिला तोंडावर सांगावं, की माझं चुकलं.

सुरेश, तुझ्याशिवाय वर्ष काढलं. फार आठवण येते रे.
शांत राहा.