चौतीस पानं राहिली होती

मॅडमनी पुस्तक दोन बोटांत धरून वर केलं आणि सगळ्या बायकांना फिरवून दाखवलं. पुठ्ठ्यावर भस्माचे तीन पट्टे होते. त्यांनी पहिलं पान उघडलं तर तिथं हळदीचं बोट. मधून झेंडूच्या वाळक्या पाकळ्या टेबलावर गळल्या.

"आजी, हे काय आहे?"

"भस्म आहे," मी म्हणाले.

"ते दिसतंय मला. वाचनालयाच्या पुस्तकावर का आहे?"

समोर बसलेल्या बँकेतल्या बाईनं ओढणी तोंडाला लावली. तिच्याशेजारच्या दोघी उघडच हसल्या.

"हे वाचनालय आहे, मठ नाही," मॅडम म्हणाल्या.

"मठात घेतलेली पोथी पुरी वाचतात," मी म्हणाले.

हे मी बोलायला नको होतं. पण तोंडातून गेलं ते गेलं. मॅडमनी पुस्तक कपाटात ठेवलं, किल्ली फिरवली आणि पुढचा विचार होईपर्यंत तुमचं कार्ड बंद, असं सगळ्यांसमोर सांगितलं. पुस्तकाची चौतीस पानं राहिली होती.

मी लातुरात लेकाकडे राहते. आमच्या भागात एक वाचनालय आहे. तिथं दर दुसऱ्या शनिवारी दुपारी बायका जमतात. आम्ही बावीसजणी आहोत. गट चालवतात त्या मॅडम शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त आहेत. गोल करून बसायचं आणि "सध्या मी काय वाचतेय" ते प्रत्येकीनं सांगायचं, असा नियम. आपलं पुस्तक सोबत आणायचं. मॅडम त्याचा फोटो काढून फोनवरच्या गटात टाकतात. मग तिथं अंगठे आणि फुलं येतात.

मी चौथी पास आहे. पाचवीसाठी दुसऱ्या गावाला जावं लागलं असतं, ते कुणी जाऊ दिलं नाही. मला वाचता येतं, पण हळू. ओठ हलवल्याशिवाय अक्षर डोक्यात शिरत नाही. गटातल्या बायका महिन्याला तीन-तीन पुस्तकं सांगत. मी आषाढापासून मार्गशीर्षापर्यंत एकाच पुस्तकाचं नाव सांगत होते.

"आजी, अजून तेच?" हे दर वेळी कुणीतरी विचारायचंच.

"अजून तेच," मी सांगायची.

"पाठ करून राहिलात का काय?"

मग हशा. त्या हशाचं मला काही नाही. राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. मी त्यांना विचारायची, बाई, तुमच्या पुस्तकात पुढं काय झालं? तर त्या सांगायच्या की लेखिकेची भाषा ओघवती आहे. अहो, भाषा ओघवती आहे तर त्या पोराचं लग्न झालं का नाही? ते कुणी सांगत नसे. एकदा एकजण म्हणाली, "आजी, गोष्ट नसते सांगायची, आस्वाद सांगायचा असतो." मला कळेना की गोष्ट सोडून आस्वाद घ्यायचा कशाचा.

माझ्या संथपणाला कारण होतं. ते पुस्तक मी एकटी वाचत नव्हते.

माझी धाकटी जाऊ नायगावच्या अलीकडे आमच्या गावात राहते. तिला अक्षरओळख नाही आणि आता डोळ्यांनीही फारसं दिसत नाही. आमच्या घरात श्रावणात पोथी लागायची. एकजण वाचणार, बाकीच्या ऐकणार. वाचायला सगळ्या जावांत मीच, कारण मीच शाळेत गेलेली. पोथीचे नियम ठरलेले. सुरुवातीला भस्म लावायचं, फूल वाहायचं. अध्याय सुरू झाला की मधून उठायचं नाही. ऐकणारीनं "हूं" म्हणायचं. हुंकार थांबला तर ती झोपली असं समजून मागून पुन्हा वाचायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे लावलेली पोथी अर्धी सोडायची नाही.

आषाढात मी गावी गेले तेव्हा वाचनालयातलं हे पुस्तक पिशवीत होतं. ओसरीवर बसून मी माझ्यापुरतं वाचत होते. ओठ हलत होते, आवाज येत होता. जाऊ जवळ येऊन बसली. दहा पानं झाल्यावर तिनं विचारलं, "अक्का, कोणती पोथी गं?"

"पोथी न्हाई. कादंबरी हाय."

"रोज वाचणार का?"

"वाचीन की."

ती उठून आत गेली. ओल्या भस्माची बोटं घेऊन आली, पुस्तक चाचपलं आणि तीन पट्टे ओढले. हळद लावली. मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत फूलही वाहिलं. मी ओल्या फडक्यानं पुसायला गेले, तर पुठ्ठ्याचा रंग उतरायला लागला. म्हणून तसंच ठेवलं. लातूरला आल्यावर वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. लपवलं, हे खरं. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर बोलणी खाऊन मोकळी झाले असते. पाच महिने त्या कव्हरानं निभावलं. मग त्या शनिवारी मॅडमना फोटोसाठी वरचं चित्र हवं झालं आणि त्यांनी कव्हर काढलं.

तर पाच महिने रोज दुपारी तीन वाजता मी जावेला फोन लावायची. तिच्याकडे बटणांचा फोन आहे. ती तो कानाशी धरून बसायची आणि मी वाचायची. दोन पानं, कधी तीन. सून आतून म्हणायची, "आत्या, जरा हळू, ऑनलाइन मीटिंग चालू आहे." मी हळू वाचलं की तिकडून जाऊ ओरडायची, "ऐकू येऊन न्हाई राहिलं!" गावात फोनची रेंज जायची. रेंज आली की, "तो दळण घेऊन गेला, त्याच्या फुडं काय?" मग पुन्हा तेच पान. पुस्तक हळू होत होतं ते असं.

पुस्तक एका गिरणीवालीचं होतं. नवरा तिला सोडून निघून जातो. ती पिठाची गिरणी चालवते, पोरी वाढवते. शेवटच्या भागात कळतं की नवरा परत यायला निघाला आहे. आम्ही तिथवर आलो होतो. जावेचं एकच पालुपद, "घरात घेऊ नये तिनं. अक्का, घेती का गं?"

ती का विचारते ते मला ठाऊक होतं. माझा दीर, म्हणजे तिचा नवरा, असाच अकरा वर्षं बेपत्ता होता. एक दिवस पिशवी घेऊन दारात उभा राहिला. जावेनं आधी पाण्याचा तांब्या दिला, मग जेवायला वाढलं. कुणीच तिला विचारलं नव्हतं की घ्यायचा का नाही. दीर वारल्यालाही आता बरीच वर्षं झाली. तिनं कधी त्यावर शब्द काढला नाही. पण गिरणीवालीवर मात्र तिचं बारीक लक्ष.

आणि नेमकी तिथंच कपाटाची किल्ली फिरली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी फोन केला नाही. सव्वातीनला तिचा आला. "आज वाचायचं न्हाई का?" मी म्हणाले, पुस्तक जमा झालं. का, ते सांगितलं नाही. ती म्हणाली, "अर्धी पोथी ठिवू नये, अक्का."

"पोथी न्हाई ती. किती बार सांगू?"

"मग तिनं घेतला का न्हाई, ते तरी सांग."

चार दिवस हेच. मी मॅडमकडे गेले, माफी मागितली. चार दिवसांसाठी पुस्तक द्या म्हणाले. त्या म्हणाल्या, कमिटीपुढे ठेवावं लागेल. कमिटीत त्या स्वतः आणि आणखी दोघी, हे मला माहीत होतं. पण त्यांनी एक सांगितलं, की त्या पुस्तकाची दुसरी प्रत बँकेतल्या बाईकडे आहे.

ते मलाही आठवलं. तीन महिने तिचा फोटो येत होता. कॉफीचा कप, चष्मा आणि तेच पुस्तक. खाली "सध्या वाचतेय." दर वेळी कप वेगळा, पुस्तकातली खूण मात्र तिथंच. मी तिच्या घरी गेले.

"काकू, घेऊन जा ना," ती म्हणाली. माणूस वाईट नाही. "तसंही मला शेवट माहितीये. ती मरते शेवटी."

"कोण मरते?"

"तीच. गिरणीवाली. सॉरी हं, सांगून टाकलं मी."

मी पुस्तक घेतलं आणि जिना उतरले. पाच महिने त्या बाईबरोबर दळण दळलं आणि ती मरणार, हे मला जिन्यात कळलं. मग वाटलं, आता हे जावेला फोनवर ऐकवायचं? पलीकडे ती एकटी. मी दुसऱ्या दिवशी सकाळची नांदेडची एसटी धरली, नांदेडला गाडी बदलून नायगाव आणि तिथून रिक्षानं गाव.

तीन दिवस समोर बसून वाचलं. मला पान उलटायची भीती वाटायची. बाई खोकली, की वाटायचं, आली वेळ. गिरणीचा पट्टा तुटला, की वाटायचं, हिच्या अंगावर येणार. जाऊ आपली हूं हूं करत होती. मध्येच म्हणाली, "तू आज अशी का वाचून राहिली? घसा बसला का?"

"वाचू दे," मी खेकसले.

शेवटचं पान आलं. नवरा गिरणीच्या दारात येऊन उभा राहतो. बाई गिरणी बंद करते. हातावरचं पीठ झाडते. कुलूप हातात घेते आणि त्याच्याकडे बघते. पुस्तक संपलं.

ती मेली नाही. खोकलासुद्धा तिचा बरा झाला होता.

"वाच की," जाऊ म्हणाली.

"संपलं."

"संपलं कसं? घेतलं का न्हाई घरात?"

"लिहिलेलं न्हाई."

"लिहिलेलं न्हाई म्हंजी? एवढं मोठं बुक लिहिलं आन् तेवढंच न्हाई लिहिलं?"

"न्हाई लिहिलं बाई. मी काय करू?"

ती पुढं सरकली. पुस्तक माझ्या मांडीवरून घेतलं, शेवटची पानं बोटांनी एकेक चाचपली. मग म्हणाली, "अक्का, तू पान गाळलंस."

मी ते शेवटचं पान तीनदा वाचलं. शेजारच्या पोरीला बोलावून तिच्याकडून वाचून घेतलं. पोरीनंही तेच वाचलं. तरी जाऊ म्हणे, "हिला तूच शिकवून ठिवलीस." रात्री जेवताना बोलली नाही. सकाळी निघताना मी विचारलं, "तू असतीस तर काय केलं असतंस?" ती म्हणाली, "मला काय इचारती? मी तर घेतला की." आणि भांडी घासायला बसली.

इतक्या वर्षांत त्या गोष्टीवर ती एवढंच बोलली.

पुढच्या शनिवारी मी पुस्तक परत द्यायला वाचनालयात गेले. कार्ड बंद असलं तरी खुर्ची बंद नव्हती, म्हणून बसले. बँकेतल्या बाईनं पुस्तक हातात घेऊन चार वाक्यं सांगितली. मॅडम म्हणाल्या, "नायिकेचा मृत्यू फार अस्वस्थ करतो. मी मागेच लिहिलं होतं गटात."

तेव्हा मला कळलं की बँकेतल्या बाईला शेवट कुठून कळला होता. गटातलं लांब लिहिणं मी वाचत नसे, फोटो तेवढे बघायची.

"मॅडम, ती मरत नाही," मी म्हणाले.

"आजी, ते प्रतीकात्मक असतं. कुलूप म्हणजे मृत्यूच."

"कुलूप म्हणजे कुलूप. रोज संध्याकाळी लावते ती, सगळ्या पुस्तकभर."

कुणीतरी हसू दाबलं. या वेळी ते माझ्यावर नव्हतं, पण मला त्याचा आनंद झाला नाही. मी विचारलं, "मॅडम, तुम्ही पुरं वाचलंत का?"

"मी चाळलंय. परीक्षण वाचलंय."

मी बँकेतल्या बाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "काकू, माझी सुरुवातीची पस्तीसेक पानं झालीत." मग मी एकेकीला विचारलं. आधीही चौघींनी ते पुस्तक नेलं होतं. एक म्हणाली, वेळ मिळाला नाही. एक म्हणाली, मधे दिवाळी आली. दोघी खाली बघत राहिल्या.

मॅडम म्हणाल्या, "आजी, इथे परीक्षा नाही घ्यायची. पुढची बोला."

पुढची बोलली. तिच्या पुस्तकाची भाषा ओघवती होती.

माझं कार्ड अजून बंद आहे. कमिटी बसलेली नाही. जाऊ फोनवर अजून म्हणते की मी पान गाळलं. आमच्या बावीस बायकांत ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली मी एकटी आहे. पुरं ऐकलेली माझी धाकटी जाऊ आहे, आणि ती गटात नाही, कारण तिला वाचता येत नाही.