न्हाणीघराची आतली कडी

सुरुंगाच्या स्फोटात दोन्ही पाय गमावलेला माझा धाकटा भाऊ दिवेआगरला घरी यायचा होता, तेव्हा पंधरा दिवस मला एका जागी बसवत नव्हतं. गवंड्याकडून मी उंबरे काढून घेतले, ओटीच्या पायऱ्यांवर उतार बांधून घेतला, न्हाणीघराचं दार चाकाची खुर्ची जाईल इतकं रुंद केलं. तो आत पडला तर, या धास्तीने दाराची आतली कडी मात्र मी काढून टाकली.

तो आला, खुर्चीवरून घरभर फिरला आणि न्हाणीघरापाशी थांबला.

“ताई, इथली कडी कुठाय?”

“पडलास तर आम्ही आत कसं यायचं?”

“इस्पितळात वर्षभर उघड्या दारानं अंघोळ केली मी. घरी तरी दार लावू दे.”

त्याच संध्याकाळी मी सुताराला बोलावून कडी लावून घेतली, त्याच्या हाताला येईल अशी, खाली.

सकाळी त्याने ती आतून लावली. मी वाडीत पोफळींखाली येरझारा घालत होते. पाण्याचा आवाज थांबला की माझे पायही थांबत. बऱ्याच वेळाने तो ओल्या केसांनी बाहेर आला आणि म्हणाला, “चहा टाक.” मी टाकला, आणि त्यात साखर दोनदा घातली.