न उडालेल्या विमानाचा उतारू

यज्ञेश्वरराव बक्षींना जकात कचेरीत सगळे ‘बक्षीसाहेब’ म्हणत, ते ग्वाल्हेरचं संस्थान होतं तोवर. पूर्वज शिंद्यांच्या फौजेमागोमाग माळव्यात आलेले, तेव्हापासून घराण्यात लेखणी चालत आलेली. मग संस्थानं विलीन झाली, ग्वाल्हेर आणि इंदूर मिळून मध्यभारत झाला, दोन्हीकडची खाती एकत्र आली आणि उज्जैनच्या कचेरीत हेडक्लार्कच्या खुर्चीवर इंदूरचा एक कोवळा इसम येऊन बसला. यज्ञेश्वररावांचं टेबल खिडकीपाशी होतं, ते दारापाशी गेलं. पगार कमी झाला नाही. पण दारापाशी बसणाऱ्याला येणारा-जाणारा ‘साहब कहाँ बैठते हैं?’ असं विचारतो, आणि हा प्रश्न दिवसभर ऐकून माणूस आतून किती खचतो ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

अशा दिवसांत गरुडध्वज एअरवेज निघाली. टावर चौकात श्रीनाथचं शिलाई मशिनींचं दुकान होतं, तो कंपनीचा एजंट झाला आणि दुकानाच्या काचेवर विमानाचं चित्र लागलं. इंदूरहून मुंबई, तेही रेल्वेच्या पहिल्या वर्गापेक्षा स्वस्तात. विमान म्हणजे राजेरजवाड्यांचा कारभार अशी समजूत असलेल्या गावाला हे ऐकूनच गुदगुल्या झाल्या. मुंबईला चुलतभावाच्या मुलाची मुंज होतीच. यज्ञेश्वररावांनी पहिल्याच विमानाचं तिकीट काढलं आणि रजेचा अर्ज देताना ‘प्लेन से जाना है’ हे शब्द हेडक्लार्कच्या कानावर जरा मोठ्यानंच घातले.

आता त्यांच्या गल्लीची रीत सांगायला हवी. गल्लीतली बहुतेक घरं मराठी, कुणी शिंदेशाहीपासूनचे, कुणी रेल्वेच्या नाहीतर मास्तरकीच्या नोकरीनं आलेले. महाराष्ट्र इतका लांब की तिकडे जाणं ही साऱ्या गल्लीची गोष्ट असायची. जो निघेल त्याला घरोघर जेवायला बोलवायचं, तिकडच्या नातेवाइकांसाठी त्याच्यापाशी पुडकी द्यायची, आणि तो परतला की ज्या ज्या घरी जेवला त्या त्या घरी जाऊन, पाटावर बसून, त्यानं सगळा प्रवास सांगायचा. जेवण फुकटचं नसे, हकिकत हीच त्याची फेड. रेल्वेनं जाणाऱ्यालाही हे चुकत नसे, तर विमानानं जाणाऱ्याचं काय विचारता. यज्ञेश्वरराव रोज नव्या घरी पाटावर बसत होते. श्रीखंड झालं, पुरण झालं, दालबाटी झाली. त्यांच्या पत्नी वासंतीबाईंना त्या दिवसांत संध्याकाळची चूल पेटवावीच लागली नाही.

सगळ्यांत थाटाचं जेवण भय्यासाहेब दिघ्यांकडे झालं. भय्यासाहेब निवृत्त पोस्टमास्तर, गल्लीतले वडीलधारे. त्यांची धाकटी मुलगी कल्पना दादरला दिलेली, तिचं पहिलं मूल त्यांनी अजून पाहिलेलं नव्हतं, कारण रेल्वेचे धक्के त्यांच्या गुडघ्यांना सोसत नसत. नातवासाठी त्यांनी भैरवगढचं छापील पांघरूण दिलं आणि मुलीसाठी डबाभर शेव.

“तू एकदा जाऊन ये यज्ञेश्वर,” ते म्हणाले. “ठीकठाक झालं तर अपन पण बसू विमानात. तू सांगशील तरच. दुसऱ्या कोणाचा भरोसा नाही मला.”

निघायच्या दिवशी टावर चौकात सगळी गल्ली लोटली. हार पडले, बायकांनी ओवाळलं. श्रीनाथनं ठरवून दिलेल्या मोटारीनं यज्ञेश्वरराव इंदूरला बिजासनच्या मैदानावर पोचले. मैदान होतं, विमान नव्हतं. कंपनीच्या माणसानं सांगितलं की जहाज, म्हणजे विमान, कलकत्त्याला अडकलंय, त्याच्या कागदपत्रांचं काही राहिलंय, थोडे दिवस लागतील. इंदूरचे उतारू त्याला चार शिव्या घालून आपापल्या घरी गेले. त्यांना जाता आलं. यज्ञेश्वररावांना मात्र परतायचं म्हणजे त्याच चौकात उतरायचं होतं, गळ्यातल्या हाराची फुलं सुकायच्या आत. जेवू घालणाऱ्या घरांना काय सांगायचं? हेडक्लार्कला काय सांगायचं? त्यांनी हार काढून कुंपणाच्या खांबाला अडकवला, स्टेशन गाठलं आणि खंडव्याच्या छोट्या गाडीत, तिसऱ्या वर्गात, शेवेचा डबा मांडीवर घेऊन बसले.

खोटं बोलायचं तेव्हाही त्यांच्या मनात नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पुढचं पुढे बघू, इतकंच होतं. दादरला कल्पनानं दार उघडलं, डबा पाहिला आणि लहान मुलीसारखी हरखली. “विमानातून आली ही शेव?” तिनं विचारलं. यज्ञेश्वरराव “हो” म्हणाले. तिचा आनंद मोडवला नाही, असं ते पुढे स्वतःला सांगत, आणि ते अर्धंच खरं होतं.

उज्जैनला परतल्यावर रीतीप्रमाणे घरोघर जाणं आलं. पहिल्या घरी त्यांनी मोघम सांगितलं. पण लोक मोघम ऐकायला जेवू घालत नाहीत. खालची माणसं केवढी दिसतात, नर्मदा कशी दिसते, पोटात कालवतं का, एकेक विचारत गेले आणि यज्ञेश्वरराव एकेक सांगत गेले. चौथ्या-पाचव्या घरापर्यंत नर्मदा चांगली ओढणीएवढी झाली होती. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मजा आली. कचेरीतही लोक त्यांच्या टेबलापाशी रेंगाळू लागले. हेडक्लार्कनं एकदा स्वतःहून पानाचा विडा पुढे केला.

खरं काय ते उज्जैनमध्ये एकट्या श्रीनाथला माहीत होतं. यज्ञेश्वरराव दुकानावरून जाताना दिसले की तो त्यांना आत बोलावून चहा पाजायचा आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणायचा, “ये बक्षीसाहब, जाकर आए हैं. पूछ लो.” गिऱ्हाईक विचारायचं, आणि यज्ञेश्वरराव बशीत चहा ओतत मान डोलवायचे.

मग भय्यासाहेबांनी आपलं आणि बायकोचं तिकीट काढलं. त्यांच्यामागून गल्लीतल्या बऱ्याच घरांनी काढली. हे यज्ञेश्वररावांच्या कानावर आलं. आज ना उद्या विमान येईलच, मग कुणाचं काय बिघडलं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. विमान दसऱ्यावर गेलं, दसऱ्यावरून दिवाळीवर. दिवाळीनंतर एके सकाळी श्रीनाथच्या काचेवरचं चित्र खरवडून काढलेलं दिसलं. कंपनी बुडाली होती.

सरकारनं परवाना देताना कंपनीकडून अनामत ठेवून घेतली होती. इंदूरहून एक अधिकारी उतारूंचं म्हणणं ऐकायला येणार असं जाहीर झालं. आदल्या दिवशी सकाळीच भय्यासाहेब काठी टेकत बक्षींकडे आले.

“तू चल आमच्याबरोबर,” ते म्हणाले. “तू जाऊन आलेला माणूस, तुझ्या बोलण्याला वजन राहील. पैसे तर निघायलाच पाहिजेत यार. मी तर पेन्शनीतून काढून बसलो.”

तेव्हाच सांगून टाकायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात वासंतीबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “जातील ना. यांच्याशिवाय कोण बोलून राहिलंय तिथे?” यज्ञेश्वररावांनी मान डोलावली.

टावरजवळच्या धर्मशाळेत सुनावणी होती. अधिकारी तरुण होता, बोलायला सभ्य. त्यानं सगळ्यांना समजेल असं सांगितलं, “देखिए, कंपनी ने सेवा शुरू ही न की हो, तो अनामत में से आप सबका पूरा पैसा वापस. पर एक भी बार जहाज सवारी लेकर उड़ा हो, तो पहले बैंक का कर्ज़ चुकेगा. उसके बाद कुछ बचेगा, ऐसा मुझे नहीं लगता.” मैदानावर विमान आलं-गेल्याच्या नोंदीचे कागद पाहावेत तर ते विलीनीकरणात इंदूरहून ग्वाल्हेरला निघाले होते आणि वाटेत कुठेतरी स्वतःच विलीन झाले होते. इंदूरच्या उतारूंनी जबानी दिली होती की आम्ही दुपारीच घरी परतलो, मागून गेलं असेल तर माहीत नाही.

कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेला श्रीनाथ उठला. “जहाज उसी शाम आया था साहब. एक सवारी रुकी रही, वही गई. वो सज्जन यहीं बैठे हैं.” आणि चहा पाजताना हसायचा तसाच तो यज्ञेश्वररावांकडे बघून हसला.

सगळ्या माना वळल्या. शेजारी बसलेल्या भय्यासाहेबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “खरं असेल तेच सांग,” ते हळू आवाजात म्हणाले. “आमचे गेले तर गेले. आमच्यासाठी तू खोटं बोलू नको.”

यज्ञेश्वररावांना वाटलं, याहून म्हाताऱ्यानं थोबाडीत मारली असती तर बरं. ते उभे राहिले. “मैं नहीं गया साहब. जहाज आया ही नहीं. मैं रेल से गया था.”

खोलीत कुजबुज झाली, आणि ती रागाची नव्हती. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “वाह बक्षीसाहेब.” यज्ञेश्वररावांना आधी अर्थ लागेना. मग लागला. गल्लीचे पैसे वाचवायला बक्षी स्वतःवर खोटेपणा घेतायत, असं लोकांना वाटत होतं.

भय्यासाहेब काठीवर भार देत उठले. “साहब, ये भला आदमी है. हमारे वास्ते झूठ बोल रहा है. ये गया था, घर-घर बैठकर बताया है इसने. हमको ऐसा पैसा नहीं चाहिए.”

आता सुटका नव्हती. यज्ञेश्वररावांनी अधिकाऱ्याकडे पाठ केली आणि भय्यासाहेबांना मराठीत सगळं सांगितलं. हार कुठल्या कुंपणाला अडकवला, खंडव्याला गाडी बदलताना शेवेचा डबा कसा कलंडला आणि फलाटावर बसून शेव परत कशी भरली, दादरला कल्पनानं काय विचारलं आणि आपण काय म्हटलं.

“नर्मदा मी पुलावरून पाहिली, भय्यासाहेब. आणि ढग पातालपाणीच्या घाटात, गाडीच्या खिडकीतून. जे सांगितलं ते सगळं मनानं रचलेलं.”

भय्यासाहेब उभेच होते. शेव फलाटावर सांडल्याचं ऐकताना त्यांचा चेहरा बदलला होता, असली गोष्ट कुणी चांगुलपणानं रचत नाही. ते खाली बसले.

“लेकिन आपने सबसे ऐसा कहा क्यों?” अधिकाऱ्यानं विचारलं. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

“इन सबके घर पाट पर बैठकर जीम चुका था साहब,” यज्ञेश्वरराव म्हणाले.

अधिकारी हसला. त्याच्याशिवाय कुणी हसलं नाही. गल्लीतली माणसं फरशीकडे बघत होती.

त्यानं निकाल सांगितला, सगळ्यांना पूर्ण पैसे. श्रीनाथ केव्हा निघून गेला ते कळलंही नाही. सह्या करायला रांग लागली. यज्ञेश्वररावांचंही तिकीट होतं, पण या रांगेत कुणाच्या मागे उभं राहायचं हेच त्यांना सुचेना. ते भिंतीच्या कडेनं दाराकडे निघाले. लोक बाजूला होऊन वाट देत होते. एरवी मान म्हणून देत, आज अंगाला अंग लागू नये म्हणून.

भय्यासाहेबांनी त्यांना दारात गाठलं. “वासंतीला माहीत आहे?”

“नाही.”

“मग घरी जा. आमच्यातला कोणी पोचायच्या आत जा.” ते आणखी काही म्हणतील म्हणून यज्ञेश्वरराव थांबले. पण भय्यासाहेब पाठ फिरवून रांगेत गेले.

यज्ञेश्वरराव घाईघाईनं गल्लीत शिरले. ओट्यावर वासंतीबाई गहू निवडत होत्या, आणि समोर मीरा बसली होती. ती देवासहून बदलून आलेल्या ओव्हरसियरची बायको, गल्लीत नवी. वासंतीबाईंचा चेहरा खुलला होता.

“हे बघ, आलेच,” त्या मीराला म्हणाल्या. “यांनाच विचार, विमानात कानात कापूस का घालतात ते. मला नीट सांगता नाही येत, पण यांनी तर सगळं पाहिलंय.”

यज्ञेश्वररावांनी टोपी काढली. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल, असं त्यांना वाटेत वाटलं होतं.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले. “मी विमानात बसलोच नाही, वासंती. रेल्वेनं गेलो होतो.”

वासंतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी आधी मीराकडे पाहिलं.