ज्या बाईला शेवट आवडला

सातवं पुस्तक शेवगावात आलं त्या दिवशी मी शाळेत आजारी असल्याचा निरोप पाठवला. वाचनालयासाठी मागवलेल्या प्रतींचा खोका ट्रॅव्हल्सच्या गाडीनं आला होता. मी स्वतः जाऊन तो रिक्षात घातला आणि वाटेतच त्याची चिकटपट्टी नखानं फाडली. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते आणि माध्यमिक शाळेत मराठी शिकवत होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं ते पोरकटपणा म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

मालिका मराठीतलीच. पाण्याला हाक मारली की पाणी जिच्याकडं चालत येतं, अशा एका मुलीची. तिच्या मुलखातल्या नद्या राजानं जमिनीखाली कोंडलेल्या, आणि ती सहा पुस्तकं त्या राजाच्या नगराकडं निघालेली. टँकरच्या वेळा तोंडपाठ असलेल्या आमच्या तालुक्यात त्या मुलीवर लोकांचा किती जीव होता, ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. आमचा वाचकांचा गट अकरा जणांचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी आम्ही वाचनालयात जमायचो. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब, औषधांच्या दुकानाचे मालक, इंजिनिअरिंगला शिकणारी एक मुलगी, बाकी बहुतेक शिक्षक. गट मी सुरू केलेला, मोबाईलवरच्या ग्रुपची ॲडमिनही मीच.

आणि एक ती. आठ-दहा किलोमीटरवरच्या खेड्यातून यायची, कधी एसटीनं, कधी कापसाच्या टेम्पोत पुढं बसून. चार एकर कोरडवाहू जमीन, दोन म्हशी, दहावीत सुटलेली शाळा. नेलेलं पुस्तक खताच्या गोणीच्या प्लॅस्टिकचं कव्हर घालून परत आणायची. पानांना चाऱ्याचा वास यायचा. तिनं परत केलेली पुस्तकं मी दोन दिवस खिडकीत ठेवायचे. गटात सगळ्यांना मी अहो-जाहो करायचे, तिला मात्र ‘अगं’. तिला ते खटकलं असेल तर तिनं कधी दाखवलं नाही. धार काढताना ती आपल्या मुलीला ही गोष्ट सांगायची. एकदा म्हणाली, “बाई, राजानं नदी बुजवली त्या दिशी पोरगी जेवलीच न्हाई.” आम्ही हसलो. तीही हसली.

सातवं पुस्तक मी एका दिवसात संपवलं आणि रात्री रडले. वाईट वाटून नाही, चिडून. सहा पुस्तकं वाट पाहायला लावून लेखकानं त्या मुलीला नगराच्या वेशीपर्यंत नेलं आणि तिथून परत फिरवलं. युद्ध नाही. राजा आपल्या वाड्यात म्हातारा होऊन मरतो, ते तिला कोणीतरी बाजारात सांगतं. ती गावी येते, विहिरी खोदणाऱ्या माणसाशी लग्न करते, म्हैस पाळते आणि शेवटच्या पानावर विहिरीतून पाणी शेंदते. पाण्याला हाक मारत नाही. संपलं.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर आग लागली. बँकेतल्या साहेबांनी वाचनालयाची प्रत पाण्यात भिजवून काळ्या पिशवीतून परत आणून दिली. इंजिनिअरिंगच्या मुलीनं शेवटचं पान टराटरा फाडतानाचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला. राज्यभरातल्या वाचकांचं असंच चाललं होतं. पण आम्हाला त्यांच्यापुढं जायचं होतं. लेखकानं पुस्तकाच्या मागं आपला मोबाईल नंबर छापला होता, वाचकांनी मोकळेपणानं बोलावं म्हणून. औषधवाल्यांनी लेखकाचा फोटो घेऊन त्याला मोबाईलवरच हार घातला, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं. खालचा मजकूर माझा. “आमच्या लाडक्या लेखकाच्या प्रतिभेचं अल्पशा आजारानं दुःखद निधन. शोकाकुल, समस्त वाचक परिवार.” ‘प्रतिभेचं’ हा शब्द मीच म्हटलं म्हणून बारीक अक्षरात टाकला.

ते चित्र आम्ही लेखकाला पाठवलं आणि इतर ग्रुपांवरही पाठवत राहिलो. चार दिवसांनी कळलं की कुणा नातेवाइकानं ते त्याच्या म्हाताऱ्या आईला दाखवलं, आणि ती अंगणातच कोसळली. दवाखान्यात न्यावं लागलं. ग्रुपवर कुणीतरी हसणारे चेहरे टाकले. मीही एक टाकला.

फक्त तिनं लिहिलं, “जित्या मानसाचं आसं करू नये.”



महिन्याभरानं नगरला लेखकाचा वाचकांशी संवाद ठेवला गेला. आम्ही क्रूझर जीप ठरवली. सकाळी साडेआठला वाचनालयापुढं जमलो तर तीही उभी, ठेवणीतली हिरवी साडी नेसून, हातात भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचं मोठं गाठोडं. “सगळ्यांस्नी पुरंल,” म्हणाली. वाटेत प्रत्येकानं आपापला प्रश्न म्हणून दाखवला, कुणाचा जास्त लागेल याची जणू शर्यत. ती मागच्या बाकावर गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती.

हॉल भरलेला. लेखक माझ्या कल्पनेपेक्षा बारका निघाला, साठीतला, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. सुरुवातीची पाच मिनिटं तो बोलला, मग प्रश्न सुरू झाले. ते प्रश्न नव्हतेच. “शेवट कुणाकडून लिहून घेतला?” “तुम्हाला कंटाळा आला होता तर सहाव्या पुस्तकातच थांबायचं होतंत!” एका पोरीनं तर विचारलं, “आई बऱ्या आहेत का आता? आम्हाला अजून एक बॅनर करायचा नव्हता.” हॉल हसला. लेखकानं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता परत ठेवला. मला ते बघायला बरं वाटत होतं.

मग आमच्या रांगेतून ती उठली. तिनं माईक मागितला.

“मला शेवट लई आवडला,” ती म्हणाली. मागून हशा आला. तिनं पुढं चालू ठेवलं. “ती मुलगी हारली न्हाई. आदी तिला पान्याला हाक मारावी लागायची, कारन पानी राजाचं हुतं. आता राजा मेला. आता पानी इहिरीत हाय, कुनीबी शेंदावं. मंग हाक कशाला मारायची? आमी रोज शेंदतो, आमाला म्हाईत हाय त्यात काय सुख हाय ते. मी पोरीला वाचून दावलं, ती बी म्हनली, आई, बरं झालं घरी आली.”

लेखकानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी पाहिलं. पुस्तक आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी त्याला म्हणायचं होतं ते वाचलं होतं. आणि ती मी नव्हते. सात पुस्तकं मी चार-चार वेळा वाचलेली, ओळी पाठ असलेली, आणि त्याची ती नजर मिळाली म्हशीवालीला.

मी उठून तिच्या हातातून माईक घेतला. हसतच घेतला.

“ह्या आमच्या गावाकडच्या वाचक,” मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा तिला ‘ह्या’ म्हणाले. “ह्यांना शेवट आवडणारच. त्यात विहीर आहे, म्हैस आहे, नवऱ्याची भाकरी आहे. ह्यांच्या घरचंच सगळं. राज्य, युद्ध, त्याग, ह्यातलं ह्यांना काय कळणार? सर, तुम्ही सात पुस्तकं लिहिलीत ती धार काढता काढता ऐकायला का?”

हॉलमध्ये एकच हशा फुटला. लोक बाकं बडवत होते. ती अजून उभीच होती, माईक धरलेला हात तसाच वर, रिकामा.

मला वाटलं, आता लेखक काहीतरी बोलेल. तो बोललाही. तिच्याकडं बघितलं, मग गर्दीकडं बघितलं, आणि हसला. “म्हणजे मी चुकून म्हशींसाठी लिहिलं म्हणायचं!”

त्यावर टाळ्या पडल्या, खऱ्या, मनापासूनच्या. तिथून सगळं बदललं. लोकांचा राग निवळला, लेखक पाणी प्यायला, त्यानं चुटके सांगितले, शेवटी सह्या दिल्या. ती रांगेत उभी राहिली नाही. माझ्या प्रतीवर त्यानं लिहिलं, “तल्लख वाचकास.” मी ते ग्रुपवर टाकलं.

परतताना करंजीचा घाट उतरल्यावर चिंचेखाली गाडी थांबवली. सगळ्यांना भूक लागलेली. तिनं गाठोडं सोडलं आणि प्रत्येकाला भाकरी वाढली, वर चटणी, वर कांदा. मलाही. औषधवाले खाता खाता म्हणाले, “म्हशीचं लोणी पण आणायचं की!” आम्ही हसलो आणि खात राहिलो. ती गाडीच्या सावलीत पाठ करून बसली होती. तिनं काही खाल्लं का ते मी बघितलं नाही.

हॉलमधल्या कुणीतरी त्या प्रसंगाची क्लिप काढली होती. ती माझ्याकडं आली आणि मी ती पुढं पाठवली, कारण त्यात मी छान बोलले होते. आठवड्याभरात ती मालिकेच्या वाचकांच्या सगळ्या ग्रुपांत फिरली. तिच्या रिकाम्या हाताच्या फोटोचे स्टिकर निघाले. कुणी मूर्खपणाचं बोललं की लोक तो स्टिकर टाकायचे. एके दिवशी ती आमच्या ग्रुपमधून बाहेर पडल्याची ओळ दिसली. रविवारी आली नाही, पुढच्याही नाही. गट दहाचा झाला. कुणी तिचं नाव काढलं नाही.

वर्षभरानं सातव्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, बदललेल्या शेवटासह. वाचकांच्या प्रेमापुढं मी हरलो, असं लेखकानं प्रस्तावनेत लिहिलं. त्यात मुलगी वेशीवर उभी राहून हाक मारते, नद्या जमीन फोडून बाहेर येतात आणि राजा त्यात बुडून मरतो. आमच्या गटानं पेढे वाटले. मी ते प्रकरण वाचलं आणि मला ते रद्दी वाटलं. मग जुनी प्रत काढून पुन्हा वाचली. विहिरीचं पान वाचताना मला तिचं एकेक वाक्य ऐकू यायला लागलं, तिच्याच बोलीत. ती बरोबर होती. हे मी कुणालाही सांगितलं नाही.

त्याच हिवाळ्यात शिक्षकांना साक्षरतेच्या सर्वेक्षणाचं काम लागलं. घरोघर जाऊन कोण वाचतं, कोण नाही, ते तक्त्यात भरायचं. मला मिळालेल्या गावांत तिचं गाव होतं. मी ते बदलून मागू शकले असते. मागितलं नाही. माफी मागायची, असं मनाशी म्हणत गेले. खरं तर तिनं मला बरी म्हणावं, एवढंच हवं होतं.

ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मला बघून उठली, पदर सावरला, मुलीला पाणी आणायला सांगितलं. मुलगी दहा-अकरा वर्षांची. तिनं तांब्या माझ्यासमोर ठेवला आणि माझ्याकडं न बघता आत गेली.

“कशी आहेस?” मी विचारलं. मग घाईनं म्हणाले, “कशा आहात?”

“बरी हाय.”

“त्या दिवशी जे झालं…”

“काय कामानं आला, बाई?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तलाठ्याशी बोलावं तसं बोलत होती. “तेवढं लिवून घ्या. पुढची घरं बी हायेत तुमाला.”

मी तक्ता उघडला. घरात माणसं किती, मुलगी कितवीत. तिनं एकेक सांगितलं. मुलगी वर्गात सगळे चिडवतात म्हणून दोन महिने शाळेत गेली नव्हती, तेही सांगितलं, हजेरीबद्दल सांगावं तसं. मग तिचा रकाना आला.

“तुमचं शिक्षण दहावी, ना?” मी पेन टेकवलं.

“न्हाई.”

“म्हणजे?”

“शाळेत न्हाई गेले.”

“अहो, मला माहीत आहे तुम्ही…”

“वाचता येत न्हाई मला,” ती म्हणाली. “लिवा.”

तिनं नजर वळवली नाही.

“खोटं कसं लिहू?” मी म्हणाले. “सात पुस्तकं वाचलीत तुम्ही. माझ्यापेक्षा नीट वाचलीत.”

“वाचली आसतील. कळली न्हाईत. सगळ्या मुलखाला ठावं हाय ते, तुमीच सांगितलंय.” तिनं सुपातल्या शेंगा बाजूला केल्या. “तुमी लिवा. मानूस सांगंल ते लिवायचं आसतं ना ह्यात?”

तसंच असतं. सांगेल ते लिहायचं. मी तिच्या नावापुढं ‘निरक्षर’ लिहिलं. माझं अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

खाली माहिती देणाऱ्याची सही किंवा अंगठा लागतो. मी पेन पुढं केलं. तिनं ते घेतलं नाही. माझ्या पिशवीतून डोकावणारी शाईची डबी तिनं स्वतःच काढली, झाकण उघडलं, अंगठा दाबला आणि कागदावर टेकवला. नीट, रकान्याच्या आत. मग हात पदराला पुसला आणि पुन्हा शेंगा सोलायला बसली.

मी पाणी न पिताच उठले. पुढचं घर तिच्या चुलत जावेचं होतं.