आईच्या बसण्याचा दिवस

पौषातल्या एका रविवारी, फैजपूरजवळच्या आमच्या शेतात, आई बांधावरच्या दगडावरून उठली आणि पुऱ्या लाटायला बसली.

एवढंच घडलं. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही. आजूबाजूला माणसं हसत-खिदळत होती, एकजण कॅमेऱ्याचं झाकण शोधत होता. पण आमच्या घरातली एक गोष्ट त्या दिवशी संपली, आणि ती संपल्याचं तिथे हजर असलेल्या शहाण्यासुरत्या माणसांपैकी एकालाही कळलं नाही.

हे समजायचं तर आधी आमच्याकडचा हिवाळा समजायला हवा. खान्देश म्हटलं की लोकांना ऊनच आठवतं. पण मार्गशीर्ष लागला की पहाटे केळीच्या बागांवर धुकं असं उतरायचं की दहा हातांवरचं झाड दिसू नये. सकाळी केळीच्या पानांच्या टोकांवरून थेंब टपटपत राहायचे आणि सगळ्या बागेला ओल्या मातीचा, कुजणाऱ्या सालपटांचा, किंचित आंबूस असा गोड वास यायचा. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपाशी पाण्याच्या पाटातून वाफ निघायची. हरभऱ्याचे घाटे, बोरं, तव्यावरच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा खरपूस वास, उन्हात पाठ शेकत बसलेली माणसं... आणि कपाशीची शेवटची वेचणी झाली की उपटलेल्या काड्यांचे ढीग शेताशेतांत उभे राहायचे. ते ढीग दिसले की आम्हाला कळायचं, आता भरताचा दिवस आला.

आमच्याकडे शेतातलं भरीत बाया करत नाहीत, पुरुष करतात. वर्षभर चुलीकडे ढुंकूनही न पाहणारी माणसं त्या दिवशी बाह्या सरसावून उभी राहतात. हिरवट-पांढरी, हाताच्या पंजाएवढी वांगी तेल लावून टोचायची, कपाशीच्या काड्या पेटवून त्या जाळात टाकायची, सालं काळी होऊन फुटली की सोलायची, मग बडगीत — म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात — मुसळीने ठेचायची. त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत गव्हाच्या जाडसर पिठाचे रोडगे. तेही पुरुषांनीच हातावर थापलेले आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले. राख झटकायची, फोडायचे, वर तूप ओतायचं. लाटणं लागत नाही, पोळपाट लागत नाही. बाईचा हात कुठेच लागत नाही — आणि आमच्या घरापुरती तरी त्या दिवसाची सगळी थोरवी एवढ्यातच होती.

कारण त्या दिवशी आई बसायची. मी आईला एरवी बसलेली पाहिलेलीच नाही. ती चुलीपुढे असायची, जात्याशी असायची, निवडत, पाखडत असायची. त्याला बसणं म्हणत असतील तर म्हणोत. पण भरताच्या दिवशी ती बांधावरच्या बाभळीखाली, एका चपट्या काळ्या दगडावर, दोन्ही हात मोकळे मांडीवर ठेवून नुसती बसायची. तो दगड नानांनी, माझ्या वडिलांनी, त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात नदीवरून बैलगाडीत घालून आणला होता. कशाला आणला, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आमच्या घरात अशा गोष्टी सांगायची रीत नव्हती.

आईचं माहेर अमळनेरकडचं. तिची बोली अहिराणी. आमच्या गावची निराळी. सासरी आल्यावर तिने आपली बोली ट्रंकेत ठेवून दिली होती — लग्नातल्या शालूसारखी. ती बाहेर निघायची फक्त त्या दगडावर.

"आज मन्हा सण शे," ती म्हणायची. "तुम्ही बठ्ठा रांधा." बठ्ठा म्हणजे सगळे.

शेजारच्या शेतातले गोविंदाआबा मुसळी चालवता चालवता तिला चिडवायचे, "अवं वहिनी, तू त आज कलेक्टरीनबाई दिसते! अन् या नानाले काय येते? वांगं जाळता येते फक्त!"

मग केळीच्या पानावर पहिला घास आईकडे जायचा. तिने चाखल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, हा नियम. ती सावकाश चाखायची, आभाळाकडे बघायची, आणि निकाल द्यायची, "मीठ कमी शे."

दर वर्षी मीठ कमीच असायचं. नाना मान खाली घालून हसायचे, चिमूटभर मीठ आणून घालायचे, आबा त्यांची यथेच्छ टिंगल करायचे, आणि जेवणं सुरू व्हायची. मला वाटायचं, नानांना मिठाचा अंदाजच नाही. पुढे मोठी झाल्यावर लक्षात आलं की वांग्यांचा वाफा बघून वजन सांगणाऱ्या माणसाचा मिठाचा अंदाज दर वर्षी तेवढाच चुकत नसतो.

आता त्या पाहुण्यांकडे यायला हवं. इच्छा नाही, पण यायला हवं.

माझे मधुकाका मुंबईला एका कचेरीत होते. त्या वर्षी त्यांनी आपल्या साहेबांना आणि साहेबांच्या बायकोला थंडीच्या सुटीत 'खान्देश दाखवायला' आणलं. चार दिवसांत त्या दोघांनी आमचा सगळा मुलूख बघून निकालात काढला. अजिंठ्याला अंधार फार होता. उनपदेवचं गरम पाणी पुरेसं गरम नव्हतं. पालच्या जंगलात वाघ नव्हता — जणू आम्ही तो आदल्या दिवशी विकून टाकला होता. सातपुड्याच्या कडेकडेने जाताना सकाळच्या उन्हात ज्या निळसर रेषा मी तासन् तास बघत बसायची, त्यांच्याकडे पाठ करून साहेबीणबाई जीपमध्ये कोल्ड क्रीम चोळत होत्या. "इकडे थंडीसुद्धा असते, नाही?" त्या मला म्हणाल्या. कानटोपी, शाल, हातमोजे, आणि वर हे आश्चर्य! काही माणसं प्रवासाला निघतात ती आपलं घर सोबत घेऊन निघतात आणि जिथे जातील तिथे ते कुठे कमी पडतंय याची तपासणी करत हिंडतात. अशांना पायाखालची जमीन दाखवणं म्हणजे आंधळ्याला आरसा देणं. मला तेव्हा हे शब्दांत मांडता येत नव्हतं. पण तुच्छता मात्र पुरेपूर वाटत होती, आणि सांगायला हरकत नाही, आजही वाटते.

चौथ्या दिवशी त्यांना भरीत दाखवायचं ठरलं. 'दाखवायचं' हाच शब्द काकांनी वापरला.

काड्या पेटल्या. धूर साहेबांच्या डोळ्यांत गेला, ते जागा बदलून बसले, धूरही जागा बदलून त्यांच्याकडे गेला. आई दगडावर बसली होती. पाहुण्यांपुढे ती बोलत नव्हती, पण बसली होती. वांगी ठेचून झाली. नानांनी निखाऱ्यांतून रोडगे काढले, राख झटकली, एक फोडून त्यावर तूप ओतलं आणि पान साहेबीणबाईंपुढे धरलं. पहिलं पान. पाहुणा आला की पहिलं पान पाहुण्याचं, याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

बाईंनी पानाकडे पाहिलं, मग निखाऱ्यांकडे पाहिलं.

"अय्या, हे... शेणाच्या गोवऱ्यांत भाजलंय? थेट?"

"थेटच भाजतात," नाना म्हणाले.

"नको हं. म्हणजे छानच असेल, पण आम्हाला सवय नाही ना."

गोविंदाआबा हळूच म्हणाले, "मंग तुपात बुडवून पोटात थेटच जाते ना व बाई!" पण कुणी हसलं नाही. काकांचा चेहरा पडला होता. त्यांची बढती त्या निखाऱ्यांत पडल्यासारखे ते धावले.

"वहिनी, चार पुऱ्या टाका ना पटकन. साहेबांसाठी!"

आई उठली नाही. तिने काकांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने नानांकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती नव्हती, राग नव्हता. ती फक्त विचारत होती. आणि नाना, ज्यांनी नदीवरून तो दगड वाहून आणला होता, हातातलं पान तसंच धरून, जमिनीकडे बघत म्हणाले, "अगं..."

पाहुणचार ही आमच्या माणसांची मोठी शान. दाराशी आलेल्याला नाही म्हणायचं नाही, हे आम्ही छाती फुगवून सांगतो. मात्र तो पाहुणचार कुणाच्या अंगातून काढून द्यायचा असतो, ते सांगत नाही.

आई उठली. रोडग्यांचं जाडसर पीठ तिने पुन्हा मळलं. लाटणं नव्हतं, तेव्हा पाहुण्यांनी आणलेली सरबताची काचेची बाटली तिने धुऊन घेतली आणि उपड्या परातीवर तिने पुऱ्या लाटल्या. साहेबांना हे फार गमतीचं वाटलं. "वा, वा! तशाच राहा," असं म्हणून त्यांनी तिचा फोटो काढला. ज्या दिवशी आईने काम करू नये असा आमचा दंडक, त्याच दिवशी काम करताना तिचा आयुष्यातला पहिला एकटीचा फोटो निघाला. तो त्यांनी कधी पाठवला नाही, हे बरं झालं.

ते जेवले. "अगदी अस्सल चव," साहेब म्हणाले. "असं भरीत मुंबईत नाही मिळायचं." मी घास तोंडात घातला आणि तो तिथेच थांबला. भरतात मीठ कमी होतं. नानांनी नेहमीप्रमाणे कमी घातलं होतं आणि या वेळी कुणी काही म्हटलं नव्हतं. आई धुरात फोडणीच्या कढईत पुऱ्या तळत होती. अळणी भरताला अस्सल म्हणत दोघं बोटं चाटत होते, आणि नाना मिठाची पुडी मुठीत धरून तिच्याकडे बघत उभे होते. ते उभेच राहिले.

पुढच्या हिवाळ्यात पाहुणे नव्हते. काकांना बढती मिळाली होती आणि त्यांना आमची गरज उरली नव्हती. तरी शेतावर निघताना मी पाहिलं, आईने पोळपाट-लाटणं जुन्या लुगड्यात बांधलं आणि गाडीत ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं. नानांनी ते गाठोडं बघितलं आणि बैल जुंपायला गेले. त्या दिवसापासून दगड रिकामा राहिला. गोविंदाआबा त्यावर विळ्याला धार लावू लागले.

अहिराणीही परत ट्रंकेत गेली.

मी शिकले, धुळ्याला नोकरीला लागले, तिथलीच झाले. आता हिवाळा आला की महामार्गावर पाट्या लागतात... गावाकडची मजा, शेतातलं भरीत, बैलगाडीची फेरी. गाड्या भरभरून माणसं येतात. सहकाऱ्यांच्या आग्रहाने मी एकदा गेले. रंगवलेली चूल, रंगवलेली बैलगाडी, आणि चुलीपुढे एक बाई सकाळपासून भाकरी थापत होती. लोक आळीपाळीने तिच्याशेजारी उकिडवे बसून फोटो काढून घेत होते, हात मात्र पिठाला लागू देत नव्हते. मी तिला विचारलं, "मावशी, तुम्ही बसता कधी?"

तिने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. "बठेल शे ना ताई," ती म्हणाली, आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

त्या पाहुण्यांचा मी कितीही तिरस्कार केला तरी खरं सांगायचं तर ते चार दिवसांचे. ते आले आणि गेले. मला क्षमा करता येत नाही ती नानांच्या त्या एका अर्धवट शब्दाला.

गेल्या हिवाळ्यात आई बरीच थकली होती. नानांना काय वाटलं कुणास ठाऊक. त्यांनी तिला रिक्षात घालून शेतावर नेलं. मीही होते. गोविंदाआबा आता नाहीत. नानांनी एकट्याने काड्या पेटवल्या, वांगी सोलली, ठेचली, रोडगे थापले. दगड पाण्याने धुतला, त्यावर चादर घातली. "बस तू," म्हणाले.

"आते बठीसन काय करू?" आई म्हणाली. इतक्या वर्षांनी मी तिची बोली ऐकली. पण ती बसली.

नानांनी पहिलं पान तिच्यापुढे धरलं. तिने सावकाश चाखलं. नाना वाकून उभे होते. त्यांची एक मूठ बंद होती.

"बराबर शे," आई म्हणाली.

नाना मोटारीच्या खोलीकडे चालत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी भरीत चाखलं. मीठ कमीच होतं.

माघात आई गेली.

शेत आता वाट्याने दिलं आहे. बाभूळ वाट्याने करणाऱ्याने तोडली. नाना माझ्याकडे धुळ्याला असतात. ताटात जे पडेल ते खातात. दगड बांधावर आहे.